शिलाई थांबल्यावर

काचेपलीकडे आठ वर्षांची शर्वी ठोकळे रचत बसली होती. तिच्या कपाळावरच्या पट्ट्यातून निघणारी हिरवी लक्षरेषा अलीकडच्या पडद्यावर सरळ सरकत होती.

"आता हाक मारा," अवधान प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. खानझोडे म्हणाल्या.

वृंदा माइकशी वाकली. "शर्वी! ए शमू, बघ ना बाळा, आई बोलतेय."

रेषा हललीसुद्धा नाही. मग अभियंता रेहानने नुसतं "शर्वी" म्हटलं. रेषा उसळली आणि पोरीने मान वर केली.

"कान शाबूत आहेत," रेहान म्हणाला.

"ते मलाही कळतं हो!" वृंदाचा आवाज चिरकला. "परवा रिक्षा तिच्या अंगावर येत होती. मी जीव तोडून ओरडले. पोरगी थांबली ती हॉर्नमुळे. माझ्यामुळे नाही. पुढच्या वेळी हॉर्न नाही वाजला तर?"

शर्वी वर्षभर रोज संध्याकाळी अभ्यासाला बसताना या प्रयोगशाळेचं 'अवधानक' हे एकाग्रता वाढवणारं यंत्र वापरत होती. वर्गात पहिली आली होती. तेव्हा वृंदाने पेढे वाटले होते.

"अवधानक लक्ष द्यायला शिकवत नाही," डॉ. खानझोडे सांगू लागल्या. "दुर्लक्ष करायला शिकवतं. पुढच्या क्षणी काय ऐकू येणार, याचा मेंदू सतत अंदाज बांधतो. तो खरा ठरला, की आवाज वगळतो. वगळला की आम्ही पडद्यावर चांदणी देतो. असं करत ती वगळ पक्की होते."

"पण वगळायला आवाज होता कुठे? टीव्ही बंद, फोन बंद. त्या वेळात मी कुकरसुद्धा लावत नव्हते."

रेहानने घरच्या सरावाची ध्वनिफीत लावली. दर थोड्या वेळाने तोच दबका आवाज येत होता. 'लक्ष दे, शमू. पाठ सरळ. लक्ष दे गं.'

"तुम्ही शेजारी बसायचात?" रेहानने विचारलं.

"मग? अभ्यासाला बसवून आई उठून जाते का कुठे?"

"मुलाला एकटं बसवा, अशी सूचना होती."

"वाचली होती. मला वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बसवू नका म्हणून असेल. आई काय परकी असते?"

"रेहान, तरी मी म्हटलं होतं," डॉ. खानझोडे पुटपुटल्या, "ही सूचना लग्न न झालेल्या माणसाने लिहिलीय."

रेहानने मान खाली घातली. "त्या घरातला सगळ्यात नियमित व्यत्यय तुम्हीच होतात, ताई. अवधानकाने तुम्हालाच वगळायला शिकवलं."

"मग उलटं शिकवा. माझ्या हाकेला चांदण्या द्या."

"दिल्या असत्या. पण आधी हाक तिच्यापर्यंत पोचायला हवी."

वृंदा खुर्चीत बसून राहिली. तिला इचलकरंजीतली ती खोली आठवली. आई खिडकीशी ब्लाउज शिवायची आणि वृंदा मशीनच्या पायाशी पालथी पडून गणितं सोडवायची. शिलाईच्या सुताच्या धुळीने वहीचं पान पांढुरकं व्हायचं. एवढी खडखड, पण ती कधी ऐकू यायचीच नाही. ऐकू यायचं ते मशीनचं थांबणं. शिलाई थांबली की वृंदाची मान आपोआप वर व्हायची. आई दातात दोरा धरून तिच्याचकडे बघत असायची. "भूक लागली का गं?" म्हणायची. बस, एवढंच. आईचा तो आवाज पुन्हा ऐकायला आता वृंदाने काय नसतं दिलं!

ती ताडकन उठली. "मला आत जाऊ द्या."

शर्वीशेजारी ती नेहमीसारखीच मांडी घालून बसली. "लक्ष दे, शमू." थोडं थांबून, "पाठ सरळ." पुन्हा, "लक्ष दे गं." शर्वी आपल्या मनोऱ्यात गढलेली. वृंदा त्याच लयीत म्हणत राहिली. काचेआड रेहान हताशपणे मान हलवत होता.

मग पुढचं 'लक्ष दे' ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

काहीच घडलं नाही. मग शर्वीचा हात ठोकळ्यासकट हवेत थांबला. पडद्यावरची हिरवी रेषा थरथरली आणि वर झेपावली.

"अंदाज चुकला!" डॉ. खानझोडे उभ्याच राहिल्या. "आवाज वगळला होता. आवाजाचं नसणं नव्हतं वगळलं."

शर्वी वळली. बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई? गप्प का झालीस?"

वर्षभराचं किती बोलायचं साचलं होतं. रस्ता, रिक्षा, सांभाळून चाल, माझ्याकडे बघ. वृंदाने ते सगळं आत ढकललं.

"भूक लागली का गं?" तिने विचारलं, आणि ती तेवढ्यावरच थांबली.

"हो," शर्वी म्हणाली.