तेल बावीस, पाणी बावीस

कारखान्याचं गाळप त्या वर्षी झालंच नाही. दोन पावसाळे कोरडे गेले, ऊस उभ्या जागी वाळला, आणि ज्या मैदानात एरवी उसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथं रोलर फिरवून धावपट्टी केली गेली. तिच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये सहकारी कारखान्याचं दोन आसनांचं विमान उभं असे. जूनमध्ये ढग आले की त्यांत मीठ फवारून पाऊस पाडायचा, असा संचालकांचा बेत होता. तोवर रोज सराव.

विमान बांधलं होतं बद्रीनाथनं. कारखान्याचा इंजिनिअर, पस्तिशीचा, विमान चालवायचं लायसन्स काढून आलेला. इंजिन सांभाळायला चकलांब्याचे त्रिंबकराव होते. वायुसेनेत सव्वीस वर्षं इंजिनं खोलून-जोडून ते गावी परतले होते.

इंजिन एका परदेशी मोटारीचं, रोटरी. त्यात वरखाली होणारे पिस्टन नसतात. तिकोनी रोटर गरगरतो, आणि त्याच्या पोटातली उष्णता तेलच बाहेर काढतं. म्हणून पाण्याइतकीच तेलावरही नजर लागते. त्रिंबकरावांनी डायलशेजारी स्वतःच्या अक्षरातला पुठ्ठा चिकटवला होता. पाणी ऐंशी ते पंचाण्णव. तेल सत्तर ते पंचाण्णव. तेल साठच्या आत असेल तर उडायचं नाही. एकशे पाचच्या वर गेलं, तर मिळेल त्या रानात उतरायचं.

मे महिना. जमिनीवर त्रेचाळीस. वर चढताना तेल रोज शंभराला टेकायचं आणि त्रिंबकराव खाली शेडच्या दारात उभे राहून रेडिओवर आकडे ऐकत घाम पुसायचे. त्यांना भीती होती ती तापण्याचीच.

एका सकाळी बद्रीनाथ उतरला तो हसत. "काका, धरणावर गेलतो. तेल अठ्ठावन्नवर आलं."

"वायर ढिली असंल."

त्यांनी वायर तपासली. तेलाचा सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरला. डायलनं बरोबर शंभर दाखवले. दुसऱ्या दिवशी धरणावर तेल चाळीस झालं, आणि पाणीही चाळीस. दोन डायल, दोन सेन्सर, दोन वेगळ्या वायरी. तिसऱ्या दिवशी दोन्ही एकतीस.

"बाहेर हवा किती होती?"

"छत्तीस."

त्रिंबकराव पुठ्ठ्याकडे बघत राहिले. रेडिएटर वाऱ्यानं गार होतो. वाऱ्यापेक्षा गार तो होऊच शकत नाही. हे त्यांनी किती पोरांना शिकवलं होतं.

"कामून जातो रे तिकडंच?"

"बरं वाटतंय तिथं," बद्रीनाथ म्हणाला. "इंजिनाला पण."

अर्ध्या तासाचा सराव आता दीड तासाचा झाला होता.

माजलगावचं धरण त्या उन्हाळ्यात तळाला गेलं होतं. गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि जुन्या टाकळगावच्या भिंती, पाण्याखाली गेल्याला तीस वर्षं होऊन गेल्यावर, पुन्हा उघड्या पडल्या होत्या. लोक ट्रॅक्टर भरभरून बघायला जात. शेड झाडणाऱ्या वत्सलाबाई त्याच गावच्या. लग्न होऊन तिथंच आलेल्या, तिथूनच उठलेल्या. त्रिंबकरावांनी विचारलं, "मावशी, तुमी न्हाई गेल्या गाव बघायला?"

झाडू थांबला. "कशाला?" एवढंच म्हणून त्या पुढं सरकल्या.

चौथ्या दिवशी त्रिंबकराव स्वतः शेजारच्या आसनावर बसले. वीस मिनिटं इंजिन तापवून, तेल पासष्टला आल्यावर त्यांनी मान हलवली.

सिंदफणा नदीच्या कोरड्या पात्रावरून जाताना तेल अठ्ठ्याण्णव होतं, पाणी चौऱ्याण्णव. पुढं गाळाची करडी चादर दिसली. तिच्या काठावरून विमान आत गेलं आणि दोन्ही काटे एकदम हलले. ऐंशी. साठ. चाळीस.

त्यांनी तेलाच्या दाबाच्या डायलकडे पाहिलं. दाब चारवरून सातावर चढला होता. गार तेल घट्ट होतं, घट्ट झालं की दाब वाढतो. म्हणजे डायल खोटं बोलत नव्हते. इंजिनातलं तेल खरोखरच गार होतं.

तेल बावीस. पाणी बावीस.

इंजिनाचा आवाज लांब गेला. त्यांच्या कानांत दडे बसले. उंचावर बसतात तसे नव्हेत. विहिरीत सूर मारून तळ गाठताना बसतात तसे.

"बद्री, वळव."

"जरा थांबा की, काका." त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. विमान टाकळगावच्या भिंतींवर घिरट्या घालत हळूहळू खाली चाललं होतं.

"वळव म्हणतो ना!"

"लई गार हाय हितं."

त्रिंबकरावांनी खाली पाहिलं. भरदुपारच्या उन्हात गाळावर विमानाची सावली पडायला हवी होती.

सावली नव्हती.

त्यांनी आपल्या बाजूचा दांडा धरून जोरात उजवीकडे ओढला. बद्रीनाथनं विरोध केला नाही. गाळाचा काठ मागं पडला, कान मोकळे झाले, आणि काटे पुन्हा अठ्ठ्याण्णव आणि चौऱ्याण्णववर येऊन उभे राहिले, जणू कधी हललेच नव्हते.

उतरल्यावर त्यांनी विमान शेडमध्ये ढकलून घेतलं. एवढ्या झपाट्यानं गार-गरम झालेल्या इंजिनाच्या सीलमधून तेलात पाणी शिरलं असणार. दोन्ही काढून बघणं भाग होतं. त्यांनी खाली बादली ठेवली आणि पाण्याचा बोल्ट सोडला.

इंजिनात पाण्याच्या जागी अकरा लिटर हिरवं कूलंट होतं. आलं ते स्वच्छ पाणी. बादली भरली. दुसरी भरली. त्रिंबकरावांनी मागचं पिंप ओढलं, तेही अर्धं झालं, आणि धार तशीच होती, मनगटाएवढी, हाताला झिणझिण्या आणणारी गार.

टँकरची वाट बघत बसलेल्या कारखान्याच्या कॉलनीतल्या बाया आवाज ऐकून घागरी घेऊन आल्या. "इंजिनातलं हाय, पिऊ नका," त्रिंबकराव म्हणाले, पण आठ दिवसांत टँकर आला नव्हता. कोणी ऐकलं नाही. बद्रीनाथनं सगळ्यांच्या आधी तांब्या भरला होता. तो भिंतीला टेकून बसला होता आणि पीत होता.

वत्सलाबाईंनी घागर भरली. ओंजळीत थोडं घेतलं, जिभेला लावलं. मग शेडच्या बाहेर गेल्या आणि त्यांनी सगळी घागर तापल्या मातीत उपडी केली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"काय झालं, मावशी?"

"आमच्या बुडाल्या आडाचं पाणी हाय हे." त्यांनी मागच्या बाईकडे पाहिलं. तीही टाकळगावचीच. तिनं घागर उपडी केली. मग तिच्या मागचीनं. बाहेर मातीत पाणी मुरण्याचा तेवढा आवाज येत राहिला.

आत बद्रीनाथनं चौथ्यांदा तांब्या धारेखाली धरला.