पाकिटामागच्या खुणा

तिकीट तपासताना आधी त्याचा चेहरा पाहू नये, ही माझ्या वडिलांची शिकवण. चेहरा लोकांना भुलवण्यासाठीच छापलेला असतो. आधी पाठ पाहावी. कागदाचा पोत कसा आहे, डिंक मूळचा आहे की मागाहून फासलेला, फाटका कोपरा कोणी सांधला आहे का, हे सारे पाठ सांगते. मग सुटे तिकीट काळ्या तबकात पालथे घालून त्यावर बेंझिनचे दोन थेंब सोडावेत. कागदातले जलचिन्ह क्षणभर वर येते आणि बेंझिन उडाले की पुन्हा आत जाते.

अलेक्झांड्रियातल्या आमच्या घरी, उत्तरेच्या खिडकीपाशी, हे काम मी चोपन्न वर्षे करीत आले आहे. इजिप्तची १८६६ सालची पहिली तिकिटे हा माझा प्रांत. खऱ्या ठरलेल्या तिकिटाच्या पाठीवर, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, मी पेन्सिलीने तिळाएवढी खूण करते. माझ्या नावाचे, फिक्रियाचे, ते पहिले अरबी अक्षर, गोल डोळ्याचे. खूण असली की पॅरिसपासून कैरोपर्यंत कोणी दुसरा प्रश्न विचारीत नाही. नसली तर ते तिकीट आणि तळलेली भजी बांधायचा कागद यांत फारसा फरक उरत नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. वस्तुस्थिती आहे.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, समुद्रावरचे वादळ नुकतेच ओसरले होते, तेव्हा माझी सून गुलफिदान दारात येऊन उभी राहिली. ती मला फ्रेंच रीतीने तांत, म्हणजे मावशी, म्हणते.

"तांत, बाहेर एक बाई बसल्यात. भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. कॉफी दिली तर नको म्हणाल्या."

"कॉफी नाकारणारी बाई भांडायलाच आलेली असते. पाठव आत."

आलेली बाई पन्नाशीची होती. अंगात राखाडी कोट, पायांत चिखल लागलेले सपाट बूट, हातात शाळेतली वह्यांची पिशवी. ती बसली नाही.

"फिक्रिया हानिम, मी सुहैर. दमनहूरला भूगोल शिकवते. मुतवल्ली एफेंदींची मुलगी."

"कोणते मुतवल्ली?"

"कोणते ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

मला ठाऊक होते. मुतवल्ली एफेंदी टपालखात्यात पत्रे निवडणारे कारकून होते. १९६१ साली त्यांनी आमच्या संग्राहक मंडळाच्या सभेत एक पाकीट आणले. रशीद गावच्या एका तांदूळ व्यापाऱ्याच्या नावे आलेले, वर पहिल्या मालिकेची दोन तिकिटे जोडीने चिकटलेली. तशी जोडी पाकिटासकट त्या आधी कोणी पाहिली नव्हती. पत्र मिळाल्याची नोंद व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने कोपऱ्यात केली होती आणि शेवटच्या अक्षराची शेपटी तिकिटावर गेली होती. नोंदीतला महिना रजब, साल हिजरी १२८२. रजब १२८२ म्हणजे १८६५ चा हिवाळा. तिकिटे विक्रीला आली १८६६ च्या जानेवारीत. जे तिकीट अजून जन्मलेच नव्हते, त्यावर कोणाच्या लेखणीची शेपटी जाणार कशी?

सभेत मी एवढेच म्हणाले, "मुतवल्ली एफेंदी, टपालात नोकरी करून तारीखसुद्धा नीट खोटी करता आली नाही?" सभा हसली. त्यांचे नाव सभासदांच्या यादीतून काढले गेले. त्यानंतर ते कोणाच्या प्रदर्शनात दिसले नाहीत, आणि आठ वर्षांनी वारले असे कानावर आले.

"गुरुवारी मंडळाची पंचाहत्तरी आहे," सुहैर म्हणाली आणि पिशवीतून तेच पाकीट काढून तिने टेबलावर ठेवले. "पहिल्यापासूनच्या सभासदांची यादी छापणार आहेत. बाबांचं नाव त्यात नाही. सेक्रेटरी म्हणतात, हानिमनी लिहून दिलं तरच घालू."

"आणि मी लिहून दिले की या पाकिटाची किंमत काय होईल, तेही त्यांनी सांगितले असेल."

"सांगितलं. समुद्रावर घर येतं म्हणे. तुम्हाला पाहिजे तर पाकीट तुम्हीच ठेवा. मला त्यांचं नाव पाहिजे."

"दिलेला निकाल मी पुन्हा उघडीत नाही."

"नका उघडू. पाकीट तेवढं बघा. त्या दिवशी तुम्ही ते किती वेळ बघितलंत माहीत आहे? बाबांनी मोजलं होतं. चार मिनिटं."

चार मिनिटे मला पुरत असत. तरीही मी हात पुढे केला. भिंग घेतले आणि सवयीने पाकीट आधी पालथे केले. मागच्या बाजूला, वरच्या कडेला, पेन्सिलीने केलेली माझी खूण होती.

"हे धाडस कोणाचे?"

"कसलं?" तिने वाकून पाहिले. "तो ठिपका? बाबांचं काही असेल. आमच्याकडे ते पाकीट कोणी हातात धरत नाही, हानिम. आई तर त्याला खोलीतसुद्धा ठेवू देत नव्हती."

ती खोटे बोलत नव्हती. माणसाची पाठही मला वाचता येते. मी तिच्यासमोर रबराने ती खूण पुसली, पाकीट लोखंडी तिजोरीत ठेवले आणि किल्ली नेहमीप्रमाणे गळ्यातल्या साखळीत अडकवली. गुरुवारी सभेत निकाल सांगेन, असे तिला सांगून निरोप दिला. निकाल काय असणार, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

मंगळवारी सकाळी तिजोरी उघडली तेव्हा पुसलेली खूण जागेवर होती. तिच्या शेजारी, उजवीकडून डावीकडे, आणखी सहा होत्या.

मी घाबरणाऱ्यांपैकी नाही. भिंग घेऊन बसले. शिसे माझ्या नेहमीच्या पेन्सिलीचे होते. अक्षराचा डोळा किंचित डावीकडे झुकलेला, तोही माझाच. नक्कल करणारा आकार उचलतो, पण हात कोठे दाबायचा आणि कोठे सोडायचा, हे त्याला उचलता येत नाही. येथे दाब माझा होता. पहिल्या खुणेची रेघ मध्येच तुटून दुहेरी झाली होती. ती तुटकी रेघ मी ओळखली. वडिलांच्या देखत, बाविसाव्या वर्षी, मी आयुष्यातली पहिली खूण केली तेव्हा शिशाचे टोक मोडले होते. ते तिकीट आमच्या घरच्याच संग्रहात आहे.

मी संग्रह काढणार, तोच फोन वाजला. पांदेली होता. जुना ग्रीक विक्रेता, वयाने ऐंशीचा, जिभेने विशीचा.

"फिक्रिया, माझ्यावर रुसलीस का?"

"सकाळी सकाळी काय हे?"

"तू पास केलेलं तिकीट गिऱ्हाइकाला दाखवायला काढलं. पाठ कोरी! मी म्हटलं, म्हातारीनं मत बदललं की काय."

"मी मत बदलत नाही."

"तेच मी त्याला सांगितलं. तो हसला नाही गं. तिकीट ठेवून निघून गेला."

फोन ठेवून मी संग्रहाचे पहिले पान उघडले आणि तिकीट चिमट्याने उलटले. पाठ कोरी होती. पेन्सिलीची रेघ पुसली, तरी कागदात तिची चर राहते आणि प्रकाश तिरपा धरला की दिसते. मी तिकीट खिडकीशी नेऊन सर्व बाजूंनी तिरपे केले. चरही नव्हती. त्या कागदाला पेन्सिल कधी लागलीच नव्हती.

बुधवारी दुपारपर्यंत पाकिटामागे अकरा ओळी झाल्या होत्या. मी त्या वाचल्या, कारण दुसरे काय करणार? लग्नाआधीच्या खुणा बारीक आणि टोकदार. पती गेले त्या वर्षाच्या दाट, कागदात रुतलेल्या. पुढे सांधे आखडले तेव्हाच्या रुंद. माझे सारे आयुष्य तेथे गोळा होत होते, ओळीने, शिस्तीत. पांदेलीचे आणखी दोन फोन आले. कैरोहून एक आला. मी कोणताच घेतला नाही; गुलफिदाननेच निरोप घेतले. उजवा खालचा कोपरा, जेथे खऱ्या तिकिटाची खूण मी करते, तेवढा मात्र सर्व खुणांनी मोकळा सोडला होता.

गुलफिदान कॉफी घेऊन आली. मी घाईने पाकीट सुलटे केले. ती मनसूरा गावची, सरकारी शाळेत शिकलेली. मुलाने तिला निवडले तेव्हा मी महिनाभर जेवणाच्या टेबलावर बोलले नव्हते. कप ठेवता ठेवता ती वाकली.

"किती सुंदर अक्षर आहे. रजब, बाराशे त्र्याऐंशी."

"ब्याऐंशी."

"नाही तांत. तीन आहे तो."

"गुलफिदान, तीन कसा असतो ते मला कळते. माथ्यावर दोन दात असतात. याला एक आहे. एक दात म्हणजे दोन."

"ते छापलेल्यात. हाताने लिहिताना एवढे दात कोण काढत बसतं? सगळे एकेक कमी करतात. तिनाला एकच राहतो आणि दोनाला एकही नाही, नुसती वाकडी काठी." तिने बोट ठेवले. "हा बघा ना, याच सालातला आधीचा दोन. काठी आहे. दोन्ही दोनच असते, तर सारखे नसते का काढले?"

मी पाहिले. एकाच लेखणीचे, एकाच क्षणी काढलेले दोन आकडे, आणि दोघांत काडीचे साम्य नव्हते. १९६१ साली मी त्याला बनावट लिहिणाऱ्याचा गोंधळ म्हटले होते.

"पण मग तुम्ही भाजीवाल्याची चिठ्ठी कशी वाचता, तांत?"

"मी भाजीवाल्याच्या चिठ्ठ्या वाचत नाही."

"तरीच," ती म्हणाली, आणि लगेच ओठ चावून बाहेर गेली.

मला कॉन्व्हेंटमधल्या फ्रेंच जोगिणींनी वाढवले. घरचे हिशेब फ्रेंचमध्ये, पत्रे फ्रेंचमध्ये. अरबी आकडे मी छापील पुस्तकांत शिकले आणि तिकिटांवर छापलेले वाचले. हाताने लिहिलेले अरबी नोकरमंडळींच्या वाट्याचे. दमनहूरच्या टपालात रोज हजार पत्ते वाचणाऱ्या माणसाला मी तारीख शिकवली होती. रजब १२८३ म्हणजे १८६६ ची अखेर. तेव्हा तिकिटे विक्रीस येऊन वर्ष होत आले होते. पाकीट खरे होते. ते पहिल्यापासून खरेच होते, आणि मुतवल्ली एफेंदींना ते माहीत होते. भर सभेत त्यांनी मला उलट उत्तर का दिले नाही, याचे कारणही मला त्या क्षणी कळले. मी बाई होते, पाशाच्या घरची होते आणि सारे हसत होते.

गुरुवारी सभागृहात चाळीस माणसे होती. पांदेली पुढच्या रांगेत होता. सुहैर भिंतीला टेकून उभी होती.

मी उठले.

"याच खोलीत मी मुतवल्ली एफेंदींना लबाड ठरवले. ते लबाड नव्हते. मला आकडा वाचता आला नाही."

कोणी खुर्ची सरकवली.

सेक्रेटरी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "हानिम, दमला असाल. नंतर निवांत बोलू या का?"

"मी उभी आहे तोवर लिहून घ्या. यादी आणा."

यादी आणली. त्यांनी माझ्या देखत नाव लिहिले. मुतवल्ली अब्दुल-जव्वाद, दमनहूर, सभासद १९४८ पासून. सुहैर पुढे आली आणि ते तिने दोनदा वाचले. मग मी पाकीट पालथे केले आणि मोकळ्या कोपऱ्यात खूण केली. हात स्थिर होता. हे मी आवर्जून नोंदवते.

पाकीट तिच्या हाती दिले.

तिने ते उजेडाकडे धरले. बराच वेळ पाहत राहिली.

"या सगळ्या तुमच्या?"

"माझ्याच."

"या खालच्या तीनसुद्धा?"

"कोणत्या तीन?"

तिने दाखवल्या. सर्व ओळींच्या खाली, वेगळ्या. काल तेथे काही नव्हते.

मी भिंग लावले. अक्षर माझेच, झुकणेही माझेच. मात्र रेघ थरथरलेली होती, धावत्या घोडागाडीत बसून लिहावे तशी. दुसरी पहिलीपेक्षा अधिक. तिसरीचा डोळा पुरा झालाच नव्हता.

अशी खूण मी कधी केलेली नाही.

त्या तिसरीखाली कागद कोरा होता. जागा पुष्कळ होती.

याला तीन महिने झाले. उडालेल्या खुणा कोठेही परतल्या नाहीत. लोक मात्र अजून येतात, कारण चूक कबूल करणारा पारखी त्यांना नवा आहे. एप्रिलमध्ये मी एक तिकीट पास केले, मेच्या आरंभी दुसरे; दोन्ही खुणांची रेघ पाकिटावरच्या त्या खालच्या पहिल्या दोघींसारखीच आली. उद्या अकरा वाजता कैरोचे एक गृहस्थ तिसरे घेऊन येत आहेत. मी त्यांना या म्हणून कळवले आहे. येणाऱ्याला दारातून परत लावणे आमच्या घरात बसत नाही.

गुलफिदानने आजपासून माझी कॉफी बशीशिवाय द्यायला सुरुवात केली आहे. का, ते मी विचारले नाही. बशी वाजते, ते मलाही ऐकू येते.