सातव्या आसनाचं टेकण

चर्चमध्ये वेदीजवळ भिंतीला लागून वीस जुनी लाकडी आसनं आहेत. त्यांच्या बैठकी सिनेमागृहातल्या खुर्च्यांसारख्या वर उचलून ठेवता येतात. प्रत्येक बैठकीच्या खालच्या अंगाला वीतभर रुंदीचा एक ठोकळा आहे. बाबा तिथे दुरुस्तीला गेले तेव्हा त्यांना हे ठोकळे कुणा आळशी सुताराने तसंच सोडलेलं लाकूड वाटले. नीटनेटकेपणा त्यांच्या अंगातच. सातव्या आसनाचा ठोकळा त्यांनी करवतीने साफ कापून काढला.

त्या दिवसापासून बाबांना बसता येईना. बसले की पाय आपोआप ताठ होत आणि ते उभे राहत. जेवण उभ्याने, झोप खिडकीला डोकं टेकून. डॉक्टर म्हणाले, हाडं आणि नसा ठणठणीत आहेत, पण पायांची सूज अशीच वाढली तर हृदयावर येईल. "पाहुणे आले की उठायचे कष्ट वाचले," अशी मी सुरुवातीला थट्टा करायचे. चौथ्या महिन्यात ती थट्टा माझ्या तोंडून निघेना.

अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला मी गेले. मी बाबांच्याच हाताखाली तयार झाले आहे. सगळ्या ओळीवर धूळ होती, फक्त सातव्या आसनासमोर दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती. डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं. काम करताना तिथली फळी कुरकुरायची. आधी डावीकडे, मग उजवीकडे. लाकूड हवेने बोलतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी मी त्या फळीकडे पाठ करून बसले नाही.

"इथे कोण येतं हो?" मी देखरेखीच्या बाईंना विचारलं.

"कुणी नाही. किल्ली माझ्याकडेच असते." मग त्यांना कापलेली जागा दिसली. "अरेरे, मिसेरिकॉर्ड काढलात?"

"काय काढलं?"

"हा ठोकळा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दया. पूर्वी इथे तासन् तास उभ्याने प्रार्थना चालायची. म्हाताऱ्यांचे पाय भरून यायचे. मग बैठक उचलायची आणि या ठोकळ्यावर हळूच टेकायचं. बघणाऱ्याला माणूस उभाच दिसतो."

मी त्या कुरकुरणाऱ्या फळीकडे पाहिलं. घरी खिडकीपाशी बाबा असेच पाय बदलत उभे असतात. आधी डावा, मग उजवा.

काम संपेपर्यंत कापलेला तुकडा फेकायचा नाही, ही बाबांची शिस्त. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तो सापडला, पेन्सिलीने सात आकडा घातलेला. मी तो खुंट्या मारून, सरस लावून बसवला आणि क्लॅम्प आवळले. सरसाला एक दिवस द्यावाच लागतो. तो दिवस मी कसा काढला, माझं मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लॅम्प सोडले. ठोकळ्याला गडद तपकिरी पॉलिश दिलं, बैठक उचलून ठेवली आणि ब्रश धुवायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा पॉलिश मधोमध पुसलेलं होतं.

बाई दारातच बसून होत्या. आत कुणी गेलं नव्हतं.

मी कान देऊन उभी राहिले. फळी गप्प होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. "अगं, बसले. सकाळपासून खिडकीपाशी होते, जागचे हलले नव्हते. आत्ता आपले आपण खुर्चीत बसले."

मी बाईंचे हात धरले. त्या एका शब्दाचे उपकार कसे फेडू, विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

घरी बाबा खुर्चीत पुढे वाकून गाढ झोपले होते. पायांची सूज उतरू लागली होती. मी त्यांच्या पावलांना हात लावला आणि मनापासून आभार मानले, कुणाचे ते न ठरवता. मग पाठीशी उशी द्यायला वाकले.

त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला मागच्या बाजूने, वीतभर रुंदीचं, तपकिरी पॉलिश लागलं होतं. अजून ओलं होतं.