चौदाव्या पेटीची बॅटरी

"दोन वर्षं टिकेल म्हणे! माझ्या सासूचा अबोलासुद्धा याहून जास्त टिकतो."

बेकरीच्या रांगेत लुडविकच्या मानेमागे कोणीतरी पुटपुटलं. त्यानं वळून पाहिलं, तर मधपाळ मंडळाचा अध्यक्ष व्हिंको. बोलणं होतं पुढे उभ्या असलेल्या तिन्काराला, आणि ते तिच्यापर्यंत पोचलंही. पाव न घेताच ती बाहेर पडली.

दुपारी ती झाल्काबाईंच्या दारात उभी होती. वीजमंडळात तीस वर्षं मीटरचोर पकडलेल्या झाल्काबाई निवृत्तीनंतर लोकांच्या खासगी भानगडी उलगडत. निवृत्त पोस्टमन लुडविक त्यांची गाडी चालवी आणि त्यांच्या आधी चुकीचा निष्कर्ष काढी. दोन्ही कामं तो मनापासून करी.

तिन्कारानं स्वतः बनवलेला अंगठ्याएवढा हिरवा सर्किट-बोर्ड टेबलावर ठेवला.

"मावशी, हा मधाच्या पेटीखाली बसतो. तासाला एकदा जागा होतो, वजन घेतो, परत झोपतो. दिवसातून एकदाच आकडे पाठवतो. झोपेत इतकं कमी खातो, की दोन पेन्सिल सेलवर दोन वर्षं जावीत."

"माझ्यापेक्षा सुखी आहे," लुडविक म्हणाला.

"पण सेल तीन आठवड्यांत संपतात. दोनदा बदलले. रविवारी मधपाळ मंडळाची बैठक आहे. दोनशे बोर्ड घ्यायचे की नाही, ते ठरेल. नाही म्हणाले तर मला परदेशी, ग्राझच्या नोकरीवर परत जावं लागेल. आणि आई इथे एकटी..." ती थांबली. "आईसमोर फेब्रुवारीबद्दल काही बोलू नका हं."

फेब्रुवारीत तिचे वडील ओझ्बेय वारले होते. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे त्याला 'फेब्रुवारी'च म्हणत.

मधमाश्यांचं घर तिन्काराच्या घरामागच्या बागेच्या टोकाला होतं. लाकडी खोलीत पेट्या कपाटातल्या खणांसारख्या रचलेल्या. माश्यांच्या ये-जा करायच्या फटी बाहेर, मागची छोटी दारं आत. वर्षानुवर्षं माश्यांचा तपकिरी डिंक लागून ती दारं चिकट झाली होती.

"सगळ्यांचेच सेल संपतात?" झाल्काबाईंनी विचारलं.

"तेरा पेट्यांचे. चौदावी ठणठणीत. बोर्ड तोच, प्रोग्रॅम तोच. त्या पेटीत मे महिन्यात पकडलेलं नवं मोहोळ आहे, एवढाच फरक."

"बोर्ड कधी जागे होतात, याची नोंद?"

तिन्कारानं लॅपटॉप उघडला. रोज सकाळी सहाच्या सुमारास पहिली पेटी जागी होई. वीस सेकंदांनी दुसरी, मग तिसरी, अशी तेराव्यापर्यंत. आणि जागी झालेली प्रत्येक पेटी पुढचा तासभर झोपतच नसे.

"तासभर का?"

"अस्वलासाठी. पेटी हादरली की बोर्ड तासभर दर मिनिटाला धोक्याचा निरोप पाठवतो. पण निरोप आलाच नाही, म्हणजे माझ्याच प्रोग्रॅममध्ये घोळ असणार."

"निरोप कुणाच्या फोनवर जातो?"

तिन्कारानं खाली पाहिलं. "घरच्याच एका."

कुंपणापलीकडून व्हिंकोचा ट्रॅक्टर धडधडत गेला. लुडविकनं झाल्काबाईंना कोपरानं ढोसलं. "बाई, हाच! रोज सहाला दूध घेऊन जातो. जमीन हादरते."

व्हिंकोला त्यांनी तिन्काराच्या स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. तो तडकलाच.

"माझ्यावर संशय? अहो, मला यंत्रं आवडत नाहीत, पण ओझ्बेयच्या पोरीचं वाईट कशाला करीन? ते नवं मोहोळसुद्धा मीच दिलंय. माझं म्हणणं इतकंच, माश्यांशी माणसानं बोलावं. माझा बाप गेला तेव्हा दफनाआधी मी पेटी-पेटीवर टकटक करून सांगितलं होतं. धनी गेल्याचं कुणी सांगितलं नाही तर त्या टिकत नाहीत. या फेब्रुवारीत तर बर्फामुळे माश्यांच्या घराची वाटच दहा दिवस..."

दारात तिन्काराची आई, पाव्लाबाई, ताट घेऊन उभ्या होत्या. व्हिंकोनं उरलेलं वाक्य वाइनबरोबर गिळलं.

"खा रे व्हिंको. ओझ्बेयला असा सारण भरलेला पोळा गरमच लागतो," पाव्लाबाई म्हणाल्या.

लागतो. 'लागायचा' नव्हे. लुडविकनं त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मधल्या बोटांचे सांधे तपकिरी झाले होते.

"आक्रोडाची दारू मुरायला घातलीत वाटतं?"

"हो ना," त्या घाईनं म्हणाल्या, "हिरव्या आक्रोडांचा डाग जाता जात नाही," आणि हात एप्रनखाली गेला.

झाल्काबाईंनी पोळा संपवला. मग म्हणाल्या, "बसा पाव्लाबाई. कुणी चोर नाहीये."

त्यांनी व्हिंकोकडे पाहिलं. "ट्रॅक्टर नव्हे. ट्रॅक्टरनं सगळ्या पेट्या एकदम हादरल्या असत्या, चौदावीही. इथे एकेक पेटी ओळीनं जागी होते, वीस-वीस सेकंदांनी. अस्वल काही क्रमांक पाळत नाही. हे माणूस आहे. प्रत्येक दारापुढे थोडं थांबणारं."

"पण चौदावी का सोडली?" लुडविकनं विचारलं.

"त्या माश्या मे महिन्यात आल्या. त्यांनी या घरचा धनी पाहिलेलाच नाही. त्यांना काही सांगायचं उरत नाही."

व्हिंकोनं पेला खाली ठेवला.

"आक्रोड सोलले तर डाग बोटांच्या टोकांवर आणि तळव्यावर पडतो," झाल्काबाई हळू म्हणाल्या. "फक्त सांध्यांवर नाही. सांधे टकटक करताना लागतात, आणि ती दारं डिंकानं माखलेली आहेत."

"आणि निरोप?" तिन्कारानं विचारलं.

"ते तुला माहीत आहे, पोरी. निरोप ज्या नंबरवर जातो, तो ओझ्बेयचा फोन बंद होऊन ड्रॉवरमध्ये पडलाय. बंद फोनवर काही आलं नाही, म्हणून तू प्रोग्रॅमला दोष दिलास."

"हिवाळ्यात मी आणि बाबांनी मिळून लिहिला होता तो प्रोग्रॅम," तिन्कारा म्हणाली. "नंबर खोडायला हात धजला नाही."

तुझ्या बोर्डात काही दोष नाही, असं व्हिंकोनं पुटपुटून कबूल केलं. बैठकीतही तसंच सांगीन म्हणाला. तिन्कारानं ते नीट ऐकलंसुद्धा नाही. ती आईपुढे गुडघ्यांवर बसली होती.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बर्फ वितळल्यापासून रोज जाते. पहिल्या पेटीशी उभी राहते, टकटक करते, आणि तोंडच उघडत नाही. मग दुसरीपाशी. तेरा दारं झाली की वाटतं, उद्या बोलू." त्यांनी डोळे पुसले. "मी बोलले, तर ते खरं होईल ना गं."

"आणि तुझ्यासमोर आम्हीही बोललो नाही," तिन्कारा म्हणाली. "चल. आज मी येते."

दोघी बागेतून गेल्या. व्हिंकोनं टोपी काढली. लुडविक पाठोपाठ निघाला होता, पण झाल्काबाईंनी त्याला बाहीला धरून माश्यांच्या घराच्या दारातच थांबवलं.

आतून टकटक ऐकू आली. मग बराच वेळ नुसती माश्यांची गुणगुण. तिन्कारा काहीतरी बोलू लागली, तोच पाव्लाबाई म्हणाल्या, "थांब, पोरी. मलाच सांगू दे."

त्यांनी पहिल्या पेटीच्या दाराला कपाळ टेकवलं.

"बायांनो, ऐका. तुमचा धनी मेला. माझा ओझ्बेय मेला."