न दिलेला चेंडू

चहा संपवा आणि दार लोटून घ्या, मग सांगतो. ऐकीव नाही बरं का. ज्याच्या बाबतीत घडलं तो कुलूपवाला आपल्याच मैदानावर दर शनिवारी यायचा. तुम्ही कामाला लागलात त्याच्या आधीचा हिवाळा, अमावास्येचा शनिवार.

दुपार कलताना वहिनीने त्याला हाक मारली. "भाऊजी, ह्यांची गोल्फच्या काठ्यांची बॅग दारात दिसते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मैदानावर देऊन टाका एकदाची."

थोरला भाऊ शिंपी होता. महिन्यापूर्वी झोपेतच गेला. धाकटा, म्हणजे हा कुलूपवाला, रडला नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, दुकान उघडलं, किल्ल्या घासल्या. आत सगळं सुन्न. भाजी खारट आहे की अळणी, तेही त्याला कळत नव्हतं.

आपलं हे जुनंपुराणं मैदान, तिकीट काढून कोणीही खेळावं. हे दोघे पोरवयापासून इथे खेळायचे. चेंडू होलच्या तोंडाशी राहिला की समोरचा "दिला" म्हणतो. मग मारायचा नाही, उचलायचा. सगळेच देतात. धाकटा मात्र महाचिकट. त्यांच्या शेवटच्या खेळात, शेवटच्या होलला, थोरल्याचा चेंडू होलपासून हातभर राहिला. अंधारत आलं होतं. थोरल्याने हसून पाहिलं. धाकटा म्हणाला, "देणार नाही. घालून दाखव."

"उद्या घालतो. आता दिसत नाही," म्हणत थोरल्याने चेंडू खिशात टाकला. त्याच रात्री तो गेला.

तेवढं एक धाकट्याच्या मनात रुतून बसलं होतं. बॅग द्यायला आला तो, कुठल्या झटक्यात कोण जाणे, तिकीट काढून बसला. दादाच्या काठ्या घेऊन एकटाच खेळत निघाला. फटके बसले, हुकले, त्याला कशाचंच काही वाटलं नाही. शेवटच्या होलपाशी पोचला तेव्हा मिट्ट काळोख. होलवरचे खुणेचे झेंडे आम्ही काढून नेलेले. पण दादाचा चेंडू राहिला होता ती जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. बॅगेतला दादाचा लाल फुलीची खूण केलेला चेंडू त्याने बरोबर तिथे ठेवला.

"दिला, दादा. उचल."

वारा नव्हता. मागे बॅगेत काठ्या हलल्या... कुणीतरी एक निवडून काढावी तशा. त्याने मान वळवली नाही. वळेचना.

मग... टक.

हलकासा फटका. चेंडू गवतावरून सरकत गेला.

टण्ण. होलमधल्या पत्र्याच्या डब्यात पडला.

त्याने गुडघे टेकले. हात फिरवला. गवत. पुन्हा फिरवला... नुसतं गवत.

पहाटे मी आलो, तर तो तिथेच बसलेला. "होल कुठे गेला?"

"अहो, तो महिन्याखालीच हलवला. एकाच जागी गवत झिजतं म्हणून बदलावा लागतो. आतला पत्रा काढायचा आणि नव्या जागची माती गवतासकट इथे ठोकायची."

"उघडा."

गवत पक्कं रुजलं होतं. सुरीने कापावं लागलं. मातीचा गोळा वर काढला... आणि खाली चेंडू. लाल फुली वर.

तो बघून धाकटा ढसाढसा रडला. महिन्याभराचं सगळं रडला. "दिलेला नकोच होता त्याला," एवढंच म्हणाला.

चेंडू मी उचलला. त्याला मातीचा कण नव्हता.

दवाने ओला होता.