गणूला न दिसलेल्या सायकली

साल २०४८. करंजनगरच्या चौकातला मोजणी-यंत्रमानव गणू येणारा-जाणारा एकूणएक माणूस मोजतो, असं सगळं गाव म्हणे. मग सावनी सायकलवरून त्याच्या नाकासमोरून गेली, तरी त्याच्या पडद्यावरचा आकडा का हलला नाही? ती वळून पुन्हा गेली. आकडा ढिम्म.

"आजोबा, मी काय भूत आहे का?" घरी येऊन तिने विचारलं.

आजोबा निवृत्त वाहतूक-शास्त्रज्ञ. त्यांनी चष्मा काढला. शाळेच्या रस्त्यावरची एक मार्गिका (गाड्यांची एक रांग जाईल एवढा पट्टा) सायकलींना द्यायची, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. मागच्याच महिन्यात एक मोटार सावनीच्या भावाचा, चिंटूचा, गुडघा सोलून गेली होती. पण कायदा सांगत होता, रस्त्याची वहनक्षमता (तासाभरात किती माणसं पुढे जातात तो आकडा) घटणार नसेल, तरच मोटारींची मार्गिका काढता येईल. आणि गणूच्या मोजणीत सायकलस्वार होते शून्य. उद्या सुनावणी, म्हणजे पट्टा गेल्यातच जमा.

"कायदाच वाईट," सावनी फणकारली.

"त्याला बोल लावू नकोस. उद्या कुणी तुझा पट्टा मनाला येईल तसा काढायला आला, तर असाच कायदा आडवा येईल. गणू मोजतो कसा, ते सांग."

"नंबरप्लेट वाचून." सावनी थबकली. "सायकलला नंबरप्लेट कुठे असते?"

दुसऱ्या दिवशी तिने नगरपालिकेच्या अंगणात खडूनं मोटारीएवढा चौकोन आखला. आत चालक म्हणून आजोबा एकटेच उभे राहिले. मग त्याच चौकोनात तिच्या वर्गातल्या पाच सायकली दाटीवाटीनं मावल्या.

"जागा तेवढीच, माणसं पाच," ती सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंना म्हणाली. "गाड्या नका मोजू. डोकी मोजा."

बाईंनी सुनावणी आठ दिवस पुढे ढकलली आणि गणूला डोकी मोजायला शिकवलं. नवा आकडा आला: मोटारींच्या एका मार्गिकेतून तासाला सातशे माणसं, सायकलींवरून नऊशे. पट्टा मंजूर झाला. शेजारच्या दोन गावांनी लगेच गणूची मोजायची नवी पद्धत मागवली. आजोबा भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या सावनीनं यंत्राची चूक पकडली." सावनीलाही आतून फार अभिमान वाटत होता.

पट्टा सुरू झाला त्या सकाळी ती चिंटूला मागे बसवून चौकात आली. गणूचा आकडा दोनानं वाढला.

"ताठ बस रे," ती म्हणाली, "आपण मोजले जातोय."