करंगळीवाचून

झुंबर मँडोलिनशी भांडत होती आणि ते भांडण कुणी ऐकतंय याची तिला कल्पना नव्हती.

"चार बोटं चार घरांत, आन् तीबी येकाच टायमाला. मानसाची बोटं हायेत का खेकड्याच्या नांग्या?"

"मला विचारताय?"

आवाज पायरीखालून आला. श्रावणातलं ऊन नुकतंच पावसातून बाहेर आलं होतं आणि त्या उन्हात एक तरुण उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. त्याच्याकडे छत्री होती. पण ती त्याने स्वतःवर न धरता हातातल्या चामडी पिशवीवर धरली होती.

"छत्री कुणासाठी आणली?" झुंबरने विचारलं.

"हत्यारांसाठी. ती गंजतात. मी गंजत नाही." तो हसला. "मी सोपान. गाव कामशेत. लोणावळ्याला बाजाच्या पेट्यांच्या दुकानात कामाला असतो. इथला पियानो दुरुस्त करायचाय. बाईसाहेबांचं पत्र आलंय."

मळवलीचा तो बंगला मुंबईच्या खुर्शीदबाईंचा. झुंबरचा बाप रखमाजी तो राखायचा आणि मागच्या दोन खोल्यांत हे बिऱ्हाड राहायचं. मे महिन्यात झुंबरला खुंटीवरच्या मँडोलिनच्या तारा छेडताना बाईसाहेबांनी पकडलं होतं. रागावायचं सोडून त्यांनी ते वाद्यच तिच्या हातात दिलं, सोबत बोटांच्या चित्रांची एक वही दिली आणि अट घातली. दसऱ्याला मी येईन, पियानो वाजवीन, तू साथ कर. जमली तर हे तुझं. नाही जमली तर माझ्या भाचीकडे मुंबईला.

तेव्हापासून झुंबरला दुसरं काही सुचत नव्हतं. पण वहीतली पहिलीच सुरांची जुळणी – बाईसाहेब तिला कॉर्ड म्हणत – चार बोटांची होती, आणि झुंबरकडे होती साडेतीन. दोन वर्षांपूर्वी भातकापणीत विळा करंगळीवर बसला, तेव्हापासून ते बोट आकड्यासारखं वाकलेलं राहिलं होतं. सगळ्यात जाड तारेवर, सगळ्यात लांबच्या पडद्यावर जायचं होतं ते नेमकं त्यालाच.

सोपानने चित्र पाहिलं. करंगळीही पाहिली असणार, पण तसं दाखवलं नाही.

"ही मला रेल्वेतल्या एका गोव्याच्या गार्डानं शिकवली होती. महिनाभर माझी बोटं सुजली, मग त्यालाच दया आली." तो पायरीवर टेकला. "खालची दोन बोटं आहेत तिथंच राहू द्या. वरची दोन उचला. हां... आता तारांच्या चारी जोड्यांवरून हात फिरवा."

तिने फिरवला. मोकळ्या सोडलेल्या जाड तारा घुमल्या, बारीक तारा त्यांच्यावर झिणझिणल्या, आणि व्हरांड्यात इतका गोड आवाज भरला की झुंबरने हात पुन्हा एकदा फिरवला. मग तिचा स्वाभिमान जागा झाला.

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? त्या दोन तारा मोकळ्याच सुरात आहेत. मग त्यांच्यावर बोट कशाला ठेवायचं? कुठलं बोट उचलून चालतं ते आधी बघायचं, मग उरलेल्यांचा विचार करायचा."

"लय शाने दिसताय."

"पियानो कुठंय?" सोपानने विचारलं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

पियानोचं दुखणं मात्र काही केल्या हटेना. दर गुरुवारी सोपान यायचा, तासभर पियानोत डोकं घालायचा आणि दोन तास व्हरांड्यात बसायचा. झुंबरची आई विठाबाई तिथेच सुपात तांदूळ घेऊन निवडत असायची. पहिल्याच दिवशी तिने त्याचं गाव, भावकी आणि मामाकूळ विचारून घेतलं होतं, आणि उत्तरं ऐकून त्याला चहात गूळ जरा जास्तच घातला होता.

"काय रं बाबा, म्हस इतकी आजारी पडली तर आमी बाजार दाखवतो," ती एकदा म्हणाली.

"ओल लागलीय, मावशी. पट्ट्या फुगतात."

"पट्ट्याच फुगत्यात ना?"

झुंबरने मान खाली घालून तारांच्या खुंट्या पिळल्या. एव्हाना गाण्याला लागणाऱ्या तिन्ही जुळण्या तिला दोन-दोन बोटांत येत होत्या. सोपान पेटीवाल्यांच्या भाषेत बोलायचा. बाईसाहेबांचं गाणं पांढरी पाचमधून, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. तिचं बोट चुकलं की तो चूक सांगायचा नाही, नुसता भुवई उचलायचा. कधीकधी ती मुद्दाम चुकायची.

दसऱ्याआधीच्या गुरुवारी पियानोची एकच पट्टी बंद राहिली होती. नेमकी मधली पांढरी पाच.

"ती पुढच्या खेपेला," सोपान म्हणाला. "बाईसाहेब शुक्रवारी येणार ना? मी गुरुवारी येतो."

पण खुर्शीदबाई मंगळवारीच उतरल्या. आल्याबरोबर त्यांनी पियानो उघडला, गाण्याचा पहिलाच सूर दाबला, आणि पट्टी खाली गेली ती तिथेच रुतून बसली.

"ही तर मेली," त्या म्हणाल्या. त्यांनी रखमाजीला लोणावळ्याला पिटाळलं, आणि दुपारच्या गाडीने सोपान धापा टाकत आला. पण बाईसाहेबांना धीर कुठला. "तू थांब तिथे. झुंबर, आण ते वाद्य. पाचमधून नको, एक सूर वर घेऊ."

मोकळ्या तारांवरच्या झुंबरच्या सोप्या जुळण्या पांढरी पाचमध्येच बसायच्या. वहीतली ती अवघड, चार बोटांची जुळणी उचलून दोन पडदे पुढे सरकवता आली असती. मोकळी तार कुठे सरकवणार? दाराशी सोपान पांढराफटक पडला होता आणि बोटांनी काहीतरी खुणावत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडूच आलं असतं.

कुठलं बोट उचलून चालतं...

तिने सगळीच उचलली. मग एकच बोट दुसऱ्या पडद्यावर, वरच्या दोन्ही जाड जोड्यांवर आडवं टेकवलं आणि खालच्या मोकळ्या सोडल्या. लागला सूर. दुसरी जुळणी तिच्या आधीच्या तिनांतलीच होती. तिसरीसाठी तेच आडवं बोट मधल्या दोन जोड्यांवर उतरवलं आणि सगळ्यात जाड तारेला हातच लावला नाही. पियानो पुढे, मँडोलिन मागे. मधे एकदा ती अडखळली, पण थांबली नाही. गाणं पार पडलं.

"हे माझ्या वहीत नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

"न्हाई."

"कोणी शिकवलं?"

"निम्मं ह्यांनी. निम्मं आत्ता सुचलं."

खुर्शीदबाईंनी तिचा गाल थोपटला. "मग ते तुझंच. भाचीला मी दुसरं घेईन." मग त्या दाराकडे वळल्या. "आणि तुला दोन महिन्यांत ही एक पट्टी नाही झाली?"

सोपानने पिशवी खाली ठेवली. "दहा मिनिटांचं काम आहे, बाईसाहेब. मी... मुद्दाम ठेवली होती. ती झाली असती तर पुढच्या गुरुवारी यायला काही कारण उरलं नसतं."

स्वयंपाकघरातून विठाबाईचा आवाज आला, "मला वाटलंच."

पट्टी खरंच दहा मिनिटांत सुटली. तो पायऱ्या उतरला तेव्हा झुंबर तिथे वाट अडवून उभी होती, डोळे भरलेले आणि नाक लाल.

"तुमच्या त्या पट्टीपायी माजं मँडोलिन गेलं असतं."

"माहीतंय. तिथं उभ्या उभ्या वाटत होतं, धरणीनं पोटात घ्यावं."

"मग आधी सांगायला काय झालं हुतं?"

"काय सांगणार होतो?"

"ह्येच. जे बाईसाहेबांना सांगितलं."

डोंगरावरून वारा आला आणि मावळतीच्या उन्हात पिकलेल्या भाताचा वास आला.

"पियानो बरा झाला," ती हळूच म्हणाली. "आता गुरुवारी कशाला याल?"

"आईला घेऊन येतो."

"पियानो बघायला?"

"मागणी घालायला. म्हणजे... झुंबर, तू हो म्हणालीस तर."

पहिल्यांदाच त्याने तिला एकेरी हाक मारली होती. तिने डावा हात पुढे केला आणि कुठल्याच सुराला न लागणारी ती वाकडी करंगळी त्याच्या करंगळीत अडकवली. आकड्यासारखं ते बोट तिथे असं बसलं की विठाबाई दोनदा खोकली तरी सुटलं नाही.